भावाची तपासणी

केरबा आणि कडूबा सख्खे भाऊ. लासूर स्टेशनपासून जीपनं अर्ध्या तासावर त्यांची वाडी. बाप मेंढरं राखायचा. गंगापूरकडच्या एका उसाच्या बांधावर बेचाळिसाव्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच गेला. उन्हानं गेला, असं सगळे म्हणाले. तेव्हा केरबा चौदा वर्षांचा होता आणि कडूबा पाचाचा. पुढची तीन-चार वर्षं धाकट्याला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं हिंडला तो केरबाच. कडूबाला पोहायला त्यानंच शिकवलं, त्याच्या पायातले काटे त्यानंच काढले, आणि त्याच्यासाठी चतुराबाईची सोयरीकही त्यानंच जमवली.

पंचविशीत केरबा वाळूजच्या एका कंपनीत लागला. संभाजीनगरला बजाजनगरात बायको सुगंधाबाईला घेऊन राहू लागला. त्यांना मूलबाळ झालं नाही. कडूबा वाडीतच राहिला. चाळीस-पन्नास मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आई दगडाबाई, बायको आणि एकुलती एक मुलगी द्वारका. सणासुदीला केरबा यायचा तेव्हा द्वारका वेशीपासून त्याच्या हाताला लोंबकळत घरी यायची. त्याला ती मोठेबाबा म्हणायची.

भावाभावांचं बिनसलं ते आईच्या मातीवरून.

दगडाबाई वैशाखात गेली, सकाळी आठला. केरबाची पहिली पाळी होती आणि कंपनीत मोबाईल कपाटात ठेवावा लागे. साडेतीनला त्यानं फोन हातात घेतला तेव्हा अकरा कॉल येऊन गेलेले होते. बस, मग जीप, असं करत तो वाडीत पोचला तेव्हा सगळं उरकून माणसं हातपाय धूत होती. ऊन फार होतं, भावकीनं घाई केली होती. केरबाला ते ऐकूनच घ्यायचं नव्हतं. चाळीस माणसांत त्यानं कडूबाला विचारलं, आई तुझ्या एकट्याचीच होती का? दिवसभर उपाशी असलेला कडूबा बोलून गेला की फोन उचलला असता तर थांबलो असतो. केरबा पाणीही न पिता माघारी फिरला. दहाव्यालाही गेला नाही. पुढं दिवाळी आली, संक्रांत आली. कडूबानं दोनदा फोन केला. केरबानं तो वाजू दिला.

दुसऱ्या वर्षी कंपनीत सगळ्या कामगारांची रक्ततपासणी झाली. केरबाला काहीच होत नव्हतं. पन्नाशीतही तो दोन जिने न थांबता चढायचा. पण रिपोर्ट आला तो वाईट. ट्रायग्लिसराईड चारशे ऐंशी, कोलेस्टेरॉल तीनशे दहा. कंपनीनं त्याला शहरातल्या एका डॉक्टर मॅडमकडं पाठवलं. मॅडम मधल्या वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, टाचेच्या वरची शीर दाबून पाहिली, मग बाप कशानं गेला ते विचारलं. केरबानं उन्हानं म्हणून सांगितलं. किती वर्षांचा होता, छातीत दुखलं होतं का, हे त्यांनी खोदून विचारलं, आणि सगळं ऐकून पेन खाली ठेवलं.

“हे नुसतं खाण्यापिण्यानं झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे तुमच्या रक्तातून आलंय. वडिलांकडून. भाऊ-बहीण कुणी आहे?”

“एक धाकटा भाऊ हाये.”

“त्याची तपासणी करा. तो बारीक असो, धडधाकट असो, करा. यात वरून काही दिसत नाही.”

त्यांनी एक गोळी आणि एक कॅप्सूल लिहून दिली, दोन्ही संध्याकाळच्या जेवणावर. चिठ्ठीच्या तळाला वेगळी ओळ लिहिली, भावाची रक्ततपासणी, आणि तिच्याखाली रेघ ओढली.

केरबानं औषध मनावर घेतलं. पहिल्या महिन्यात पोटऱ्या ठणकायच्या. त्यानं मॅडमना सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली. साखरेचा चहा सुटला, डालडा सुटला, शनिवारची दोस्तांबरोबरची बैठक सुटली. सुगंधाबाई गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायची आणि तो जेवून उठायच्या आत हातावर द्यायची. तीन महिन्यांत आकडे निम्म्यावर आले. वजनही दहा-बारा किलो उतरलं. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. पाळीवरची माणसं त्याला विचारायची तेव्हा तो त्यांना गोळी कशी अन्नाबरोबर घ्यावी, मधेच का सोडू नये, हे समजावून सांगायचा. त्याच्या सांगण्यावरून दोघांनी तपासणी करून घेतली.

भावाला तेवढं सांगितलं नाही.

सुगंधाबाईनं आठवण केली होती. एकदा तर तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला, त्यानं तो बंद केला. पुन्हा तिनं विषय काढला तेव्हा, वाडीच्या एका माणसाबरोबर निरोप धाडलाय, असं त्यानं सांगून टाकलं. तिला ते खरं वाटलं. त्यानं स्वतःचीही समजूत घातली होती. कडूबा दिवसाला पाच-सहा कोस चालतो, भाकरी-ठेचा खातो, त्याच्या अंगावर मूठभर मांस नाही, त्याला कसलं कोलेस्टेरॉल. हे शहरात बसून खाणाऱ्यांचं दुखणं. मॅडम नेमकं याच्या उलट बोलल्या होत्या, हे त्याला आठवत होतं. पण आपण आधी फोन करायचा म्हणजे आपण वाकलो, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो फोन करील, मग सांगू. कडूबानं मात्र दोनदा करून बघितल्यावर पुन्हा केला नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीला मॅडमनी विचारलं, भावाचं काय झालं? केरबा म्हणाला, राहिलं. सहाव्या महिन्याला पुन्हा विचारलं. या वेळी त्याला लाज वाटली. दवाखान्यातून लवकर सुटावं म्हणून तो म्हणाला, “केली मॅडम. नॉर्मल आलं त्याचं.”

मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तसं टिपून घेतलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात केरबा एका लग्नासाठी लासूर स्टेशनला गेला होता. बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या बाजाराच्या तोंडाशी चहाच्या हॉटेलात, बाहेरच्या बाकावर कडूबा बसलेला दिसला. डाव्या खांद्यावरून उजवा हात फिरवत होता, मेंढरू उचलून खांदा भरून आल्यासारखा. त्यानंही केरबाला पाहिलं. चहाचा ग्लास बाकावर ठेवून तो अर्धवट उठला. मधे दहा पावलांचं अंतर असेल. केरबानं मान वळवली आणि जीपच्या थांब्याकडं चालू लागला. मागून हाक येईल असं त्याला वाटत होतं. हाक आली नाही.

पुढच्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, मेंढरं पाण्यावर नेताना कडूबा खाली बसला. लोकांनी त्याला जीपमधे घातलं. लासूर यायच्या आधीच, चतुराबाईच्या मांडीवर त्याचा जीव गेला. त्रेचाळिसावं चालू होतं.

या वेळी भावकी थांबली. चतुराबाईनंच थांबवली. दादा आल्याशिवाय उचलायचं नाय, म्हणाली. केरबा पोचला तेव्हा अंगणात कडूबाला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि द्वारका त्याच्या पायाशी बसून माशा वारत होती. सोळा वर्षांची पोर. मोठेबाबांना बघून ती उठली नाही, नुसती सरकली आणि बसायला जागा केली.

केरबा तेराव्यापर्यंत वाडीतच राहिला. मेंढरं चारून आणली, आल्या-गेल्याचं बघितलं, तेराव्याची तजवीज केली. चाळिशीत गेला, बापावर गेला, असं माणसं बोलायची तेव्हा तो उठून गोठ्याकडं जायचा. गोळ्या त्यानं बरोबर आणल्या होत्या. त्या घरात त्या खायच्या कशा, ते त्याला कळेना. मेंढरांमागं गेल्यावर माळावर एकटा असताना तो त्या गिळायचा.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं पांगली तेव्हा चतुराबाई त्याच्या समोर येऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, तुमच्या भावाचं एक सांगायचं राहिलं.

“गेल्या साली बाजारातनं आले आन् जेवलेच नाय. म्हणले, दादा दिसला बाजारात. पार वाळलाय, हाडं दिसायलीत. काय दुखणं लागलं असंल त्याला? मी उठलो बी, पर गर्दीत त्याला दिसलो नसंल. मग म्हणले, खळं झालं की जातो शहरात. चिडंना का, दवाखान्यात नेतो त्याला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मग पाऊस लागला. जाणं झालंच नाय. तुमी मनात काय ठिवू नका दादा. त्यांच्या मनात काय नव्हतं.”

बघितलं होतं मी त्याला, एवढं केरबानं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला ते वेगळंच. द्वारकाची रक्ततपासणी करून घेऊ, म्हणाला. बाप असा गेला, कडूबा असा गेला, पोरीचं बघायला पाहिजे, माझ्या ओळखीच्या मॅडम आहेत. चतुराबाईचे डोळे भरून आले. आता तुमीच तिचे बाप, म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती द्वारकाला घेऊन शहरात आली. सुगंधाबाईनं दोघींना ठेवून घेतलं. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तिघं मॅडमकडं गेली. द्वारकाचं कोलेस्टेरॉल दोनशे ब्याण्णव होतं, ट्रायग्लिसराईडही बरंच वर. लाकडाच्या काटकीसारखी पोर ती.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. वडील कशानं गेले ते चतुराबाईला विचारलं. मग कॉम्प्युटरवर केरबाची नोंद उघडली आणि त्या गोंधळल्या.

“पण हिच्या वडिलांची तपासणी झाली होती ना? नॉर्मल आली होती, असं तुम्हीच सांगितलं होतं. इथं लिहिलेलं आहे.”

चतुराबाईनं केरबाकडं पाहिलं. तिला वाटलं मॅडमची काहीतरी चूक होतेय.

मॅडम पुढं बोलत होत्या. वडिलांचं रक्त नॉर्मल असेल तर पोरीचं हे त्यांच्याकडून आलं असं धरता येत नाही. मग दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल, थायरॉईड, मूत्रपिंड, आणखी तपासण्या, आईच्याही. गोळी लगेच सुरू करता येणार नाही. कुठल्या लॅबचा होता तो रिपोर्ट, घरी सापडेल का?

केरबाला अजूनही सुटता आलं असतं. सापडत नाही, हरवला, असं म्हणता आलं असतं. द्वारका खुर्चीच्या कडेला बसून मॅडमच्या तोंडाकडं बघत होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “तपासणी झालीच नव्हती. मी खोटं सांगितलं. त्याला मी कायबी कळवलं नव्हतं.”

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं, काही बोलायला गेल्या, मग पोरीकडं बघून थांबल्या. त्यांनी कॉम्प्युटरवरची जुनी ओळ खोडली.

चतुराबाईनं त्याला काहीच विचारलं नाही. तिनं मॅडमनाच विचारलं, “ह्यांच्यासारखी गोळी त्यांनी घेतली असती, तर ते ऱ्हायले असते का?”

“नक्की कुणालाच सांगता येणार नाही बाई.”

“तरी पर.”

मॅडमनी चिठ्ठ्यांचा पॅड पुढं ओढला. “बरीच शक्यता होती,” त्या म्हणाल्या.

त्यांनी द्वारकासाठी कमी ताकदीची एक गोळी लिहून दिली. ती कशी घ्यायची, काय खायचं, काय टाळायचं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, पुढं लग्न झालं आणि मूल हवं असलं की आधी येऊन गोळी थांबवायची, हे सगळं त्यांनी पोरीलाच सांगितलं. चतुराबाई ऐकत होती. सोळाव्या वर्षी पोरीला जन्माची गोळी लागली, हे ती नंतर कधीतरी रडणार होती. त्या वेळी तिनं फक्त चिठ्ठीची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

बाहेर जिन्याजवळ तिनं द्वारकाला पाणी प्यायला पाठवलं.

“कवापासनं ठावं होतं?”

“दीड वरीस.”

“दीड वरीस,” ती म्हणाली.

तेव्हा केरबाला वाटलं की आता काही मागं ठेवू नये. त्यानं सांगितलं की बाजारात त्यानं कडूबाला बघितलं होतं. तो उठलेलाही बघितला होता. खांदा चोळताना बघितला होता.

चतुराबाई जिन्याच्या पायरीवर बसली. द्वारका पाणी पिऊन आली तर आई पायरीवर आणि मोठेबाबा भिंतीकडं तोंड करून उभे. चतुराबाईनं तिचा हात धरून स्वतःला उठवलं आणि घरी सामान घ्यायलाही न थांबता दोघी बसस्टँडकडं गेल्या. केरबा रिक्षा बघतो म्हणाला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

सुगंधाबाईला त्यानं त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती भांडली नाही. द्वारकाचे वाळत घातलेले कपडे दोरीवरून काढून तिनं घड्या घातल्या, पिशवी भरली. मग एवढंच म्हणाली, “मला खरं सांगितलं असतं, तर मी गेले असते वाडीला. भावजी माझ्याशी थोडंच भांडले व्हते.”

पिशवी तिनं बिडकीनला पुंजारामकडं, चतुराबाईच्या भावाकडं, पोचती केली. केरबा वाडीला दोनदा गेला. पहिल्यांदा दाराला आतून कडी होती. दुसऱ्यांदा चतुराबाई उंबऱ्यात आली, पण आत या म्हणाली नाही. तो अंगणात उभा राहिला, मग परत आला. वर्षश्राद्धाचा निरोप त्याला आला नाही.

मधे त्यानं औषध सोडलं होतं. कुणाला सांगितलं नाही. सुगंधाबाईनं हातावर दिलेली गोळी तो तोंडात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. अकराव्या दिवशी तिला मोरीच्या जाळीवर विरघळलेलं पांढरं दिसलं. तिनं दुसरी गोळी आणि पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्या पुढ्यात बसली.

“तुमी मेल्यानं भावजी येत नाय माघारी,” ती म्हणाली. “आन् त्या पोरीला हे जन्मभर खायचंय. तिच्या कानावर गेलं की मोठेबाबांनी सोडली, तर ती का खाईल? घ्या.”

त्यानं घेतली. ती तोंड उघडून दाखव म्हणाली नाही, पण तो पाणी पिऊन होईस्तोवर उठलीही नाही. आता रोज ती तशीच बसते.

चतुराबाईला आणि द्वारकाला दर तीन महिन्यांनी पुंजारामच शहरात आणतो. भला माणूस आहे. तारीख कळव, एवढं केरबानं त्याला विनवलं होतं आणि तो कळवायचा. त्या दिवशी केरबा पाळी बदलून घ्यायचा आणि दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांशी उभा राहायचा. दोघी आत जाताना दिसायच्या, बाहेर येताना दिसायच्या. द्वारका उंच झाली होती. गंगापूरच्या कॉलेजात जाऊ लागली होती, असं पुंजारामकडून कळलं. रिपोर्टचं मात्र पुंजारामला नीट सांगता यायचं नाही. बरं हाये म्हणत्यात, एवढंच.

तिसऱ्या वेळी चतुराबाईनं त्याला पाहिलं. बहुतेक आधीही पाहिलं असावं. द्वारकाला आणि भावाला दारात थांबवून ती एकटी रस्ता ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चतुरा, एवढंच केरबा म्हणाला.

“एकशे अठ्ठ्याहत्तर आलंय तिचं,” ती म्हणाली. “गोळी लागू पडली. एक दीस चुकवत नाय पोर. मॅडम म्हणल्या, ही म्हातारी हुईल.”

त्यानं हात जोडले.

“हे तुम्हाला ठावं असावं म्हून सांगितलं. तुमी त्या दिवशी खरं बोलले नसते तर गोळीला उशीर झाला असता, हे बी मला कळतं.” पूर्वी तिच्या प्रत्येक वाक्यात दादा असायचं. आता नव्हतं. “पर मला तुमच्याकडं बघवत नाय. मी रोज भाकर टाकते आन् रोज माझ्या मनात येतं, एक फोन. तुमी हितं येऊन उभं राहत जाऊ नका. पोरगी आत बसून खिडकीतनं बघती, आन् मग दोन-दोन दिवस बोलत नाय.”

केरबानं मान हलवली. ती रस्ता ओलांडून गेली. तिघं रिक्षात बसली आणि रिक्षा बसस्टँडच्या दिशेनं गेली. त्यानंतर तो तिथं कधी गेला नाही.

घरी आल्यावर त्यानं सुगंधाबाईला आकडा सांगितला. तिनं हात जोडून देवाला नमस्कार केला, मग विचारलं, चतुरा कशी दिसती? वाळली का?

केरबाला सांगता येईना. ती एवढी समोर उभी होती, पण तिच्या तोंडाकडं त्यानं बघितलंच नव्हतं.